गुरुवारची राखण

शनिवार पेठेतल्या एका टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यात आम्ही नवरा-बायको उपचारांसाठी जायचो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, की एक चाळिशीतले गृहस्थ हेल्मेट न काढताच घाईघाईने आत यायचे आणि लॅबच्या दाराशी टॉर्च लावून बसायचे. त्यांचे तीन भ्रूण आत एका टाकीत गोठवून ठेवले होते.

एकदा काउंटरवरच्या बाई वैतागल्या. "अहो, ती टाकी विजेवर चालत नाही. नायट्रोजन असतो त्यात. आपल्या घरचा फ्रिज नव्हे तो!"

"माहितीये. इंजिनिअर आहे मी."

"मग येता कशाला?"

"दिवे गेल्यावर पोरांजवळ कुणीतरी नको का?"

बाईंनी उठून त्यांना पाण्याचा ग्लास आणून दिला. पुण्यातल्या काउंटरवर हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या महिन्यात आमचेही दोन भ्रूण त्या टाकीत गेले. त्या गुरुवारी बायकोला मीटिंगची थाप मारून, हाफ डे टाकून मी हिंजवडीहून थेट दवाखान्यात पोचलो. ते गृहस्थ बाकावर होतेच. काही न विचारता ते सरकले आणि टॉर्च माझ्या हातात देत म्हणाले,

"बरं झालं आलात. मी जरा चहा घेऊन येतो. तोवर माझ्याही तिघांकडे लक्ष ठेवा."