वेळेवर हरणारा माणूस

"हरायचंय का जिंकायचंय, तेवढं आधी सांगा."

शूटिंगला आले की काकांचं पहिलं वाक्य हे. चहा विचारा, खुर्ची द्या, कशाकडे लक्ष नाही. डायरेक्टर मुंबईचा असला की हेच इंदुरी हिंदीत, "हारना है के जीतना है, भिया?" नवा माणूस गोंधळून माझ्याकडे बघायचा. मी म्हणायची, सांगून टाका, नाहीतर ते वायरीला हात लावायचे नाहीत.

तुम्ही सिनेमात, सीरियलमध्ये लोकांना व्हिडिओ गेम खेळताना बघता ना? एकदा नीट बघा. हीरो हातातला रिमोट असा झटकतो की जणू त्याला मुंग्या लागल्यात. दोघं भांडून भांडून खेळतात आणि टीव्हीवर गाडी एकच. गेम आजचा, आवाज मात्र आमच्या लहानपणचा, टिंव टिंव. आणि आई दारातून ओरडली रे ओरडली की त्याच क्षणी हा हरतो. ते हरणं आपोआप होतं असं तुम्हाला वाटत असेल. आमच्याकडे ते एक माणूस सोफ्याच्या मागे बसून करायचा.

नटाच्या हातातला रिमोट मेलेला. खरा रिमोट काकांकडे. सोफ्याच्या मागे जमिनीवर मांडी घालून, मांडीवर छोटा स्क्रीन घेऊन ते खेळायचे, आणि समोरच्या मोठ्या टीव्हीवर नट खेळतोय असं दिसायचं. "जिंकतं कुणीही गं," ते मला सांगायचे. "पण सुनेचं वाक्य संपता संपता हरायचं, एक शब्द आधी नाही का नंतर नाही, त्याला माणूस लागतो." मी कंटिन्युइटी बघते. म्हणजे मागच्या शॉटमध्ये कप कुठल्या हातात होता, घड्याळात किती वाजले होते, हे लक्षात ठेवणं माझं काम. चुका शोधायच्या आणि लोकांच्या शिव्या खायच्या. त्यामुळे आम्हा दोघांचं बरं जमायचं.

तसे ते शेजारचेच. स्नेहलतागंजमध्ये स्टेशनकडच्या रस्त्यावर त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, मागच्या गल्लीत आमचं घर. मोबाइल आले आणि दुकान बसलं. मग तिथेच मोबाइल दुरुस्ती, आणि इंदूरला शूटिंगं यायला लागली तसं हे सोफ्यामागचं काम. स्वभाव तिरसट. कुणी "अंकल, कौनसा लेवल है?" विचारलं की म्हणायचे, "तेरे बस का नहीं है."

त्यांचा तिरसटपणा चालायचा नाही तो फक्त काकूंपुढे. काकू मल्हारगंजच्या शाळेत गणित शिकवायच्या. रोज मोपेडवर जायच्या. जांभळी साडी, पदर खोचलेला, हँडलला डब्याची पिशवी. मल्हारगंजच्या त्या गल्ल्यांतून हातगाड्या, गायी, ई-रिक्षा, मध्येच थांबून गप्पा मारणारी माणसं, सगळ्यांना चुकवत इतकी वर्षं गाडी चालवली, कधी पडल्या नाहीत. फक्त पेट्रोल भरायचं विसरायच्या. महिन्यातून एकदा तरी काकू गाडी ढकलत कोपऱ्यावर यायच्या आणि तिथूनच सुरू, "टाकी बघायचं काम तुमचं होतं!" काका रिमोट हातात घेऊन दुकानाबाहेर यायचे. "माझं होतं का? बरं." एवढंच. मग गाडीला मागून हात लावायचे.

संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर. कुठल्या सीरियलमध्ये गेम दिसला की काका उठून उभे. "बघ, बघ! टीव्ही बंद आहे आणि हा खेळतोय!" काकू हसून हसून बेजार. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, नवऱ्याची चिडचिड बघायला त्या बसायच्या.

त्या गेल्या तेव्हा मी बाहेरगावी होते. हार्टचं दुखणं, दोन दिवसांत आटोपलं. परत येऊन भेटायला गेले तर काका म्हणाले, "बस. सेव घातलेले पोहे आहेत, खा." आणि दुकानात जाऊन बसले.

मग एक वेबसिरीज आली. गोष्टीत एक म्हातारी आई रोज मुलाचा गेम खेळते. खरा गेम दाखवायचा तर कंपनीची परवानगी लागते, भानगड मोठी. दुकानाच्या दिवसांत काका पोरांसाठी छोटे गेम बनवायचे, ते कळल्यावर डायरेक्टर म्हणाला, भिया, तुम्हीच एक बनवा. काकांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कित्येक आठवडे आतच बसले. शूटिंगच्या आधी मला बोलावलं. "बघ जरा. चूक असली तर सांग."

स्क्रीनवर मल्हारगंजच्या गल्ल्या होत्या. त्यातून एक बाई मोपेडवर चालली होती. जांभळी साडी, पदर खोचलेला, हँडलला पिशवी.

मी स्क्रीनजवळ वाकले. काकाच म्हणाले, "पिशवी उजवीकडे लावायची ना ती?"

"उजवीकडेच."

"मग बरोबर आहे." त्यांनी कोपऱ्यातला काटा दाखवला. "हे पेट्रोल. हे आपलं उगीच." मग म्हणाले, "टीव्हीवर येईल ना गं? सगळे बघतील ना?" काकांनी कधी असं काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, येणार म्हणजे काय, येणारच.

शूटिंग मल्हारगंजच्याच एका घरात होतं. घरमालकांना संध्याकाळी घर परत हवं होतं, दुसऱ्या दिवशी युनिट निघणार होतं. आईचं काम करणाऱ्या बाई मोठ्या नटी, आपल्या मराठीच. जाड भिंगांचा चष्मा लावून सोफ्यावर बसल्या, मेलेला रिमोट हातात. काका मागे. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"हारना है," डायरेक्टर म्हणाला. "बहू बोलेगी, घर बिक गया, मम्मी. और गाड़ी धड़ाम. औरत रोड पे. एकदम ब्रूटल."

काकांनी मान वर केली. "धडाम?"

"हाँ भिया. गिराओ उसको."

मी काकांकडे बघितलं. ते वायर सरळ करत होते, सरळच असलेली वायर.

पहिला टेक कचरागाडीनं खाल्ला. ऐन वाक्याला गल्लीत गाणं वाजवत आली. दुसरा टेक सुरू झाला. सून म्हणाली, "घर बिक गया, मम्मी," आणि टीव्हीवरची मोपेड हातगाडीला सुंदर चुकवून पुढे निघून गेली.

"कट! भिया, गिराना था ना!"

"टाइमिंग चुकलं," काका म्हणाले.

काकांचं टाइमिंग चुकलं? मी चपला काढून सोफ्यामागे जाऊन बसले. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. दोन्ही अंगठे रिमोटवर, पांढरे पडलेले.

"काका, काय चाललंय?"

"ती नाही पडायची."

"अहो, चित्र आहे ते."

"तुला माहितीये कोणाचं आहे ते." आवाज दबका, पण मला तो लागला. "जन्मात पडली नाही ती. या गल्ल्यांमधून. आणि मी पाडू? जगासमोर?"

पुढून डायरेक्टर ओरडत होता. खिडकीतला उजेड उतरत चालला होता, कॅमेरामन सारखा घड्याळ बघत होता. "लास्ट टेक! इस बार नहीं गिरी तो टीवी पे हरा कपड़ा लगाओ, बाद में कुछ भी चिपका देंगे!"

ते काकांनी ऐकलं, मीही ऐकलं. पाडलं तर काकू पडद्यावर येणार, आणि येणार त्या रस्त्यावर आपटलेल्या. नाही पाडलं तर येणारच नाहीत. मी काय सल्ला देणार? मला रडू यायला लागलं आणि स्वतःचाच राग आला. मी म्हटलं, "काका, तुम्हाला वाटेल ते करा. मी नाही काही बोलणार." आणि माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले.

टेक सुरू झाला. मोपेड निघाली. खोलीत एवढी शांतता की पंखा बंद केल्याचं जाणवत होतं. नटीबाई अंगठे हलवत होत्या, अगदी खरं वाटेल असं. टीव्हीवर गाय आली, चुकवली. ई-रिक्षा आली, चुकवली. लग्नाची वरात आली, तिच्या कडेनं गाडी निघाली. सून दारात आली. डायरेक्टर खुर्चीवरून अर्धा उठला. मी सोफ्याच्या मागे दिसणारं काकांचं टक्कल तेवढं बघत होते, ते अजिबात हलत नव्हतं.

"घर बिक गया, मम्मी."

मोपेडचा वेग कमी झाला. आणखी कमी झाला. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. पेट्रोलचा काटा तळाला गेला होता. जांभळ्या साडीतली बाई खाली उतरली, पदर पुन्हा खोचला, आणि गाडी ढकलत चालायला लागली.

नटीबाईंचे अंगठे थांबले. त्या पुढे झुकल्या आणि टीव्हीकडे बघत राहिल्या. त्यांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी याआधी कुठल्याही टेकमध्ये बघितलं नव्हतं. कॅमेरामन त्यांच्या चेहऱ्याजवळ गेला. डायरेक्टरनं हात वर केला होता, तो तसाच राहिला.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "कट." मग खिडकीकडे बघितलं. उजेड गेला होता. "ठीक है. ये भी ठीक है."

काका सोफ्याला धरून उठले, पाय आखडले होते. वायर गुंडाळताना मला म्हणाले, "हरलीच ना शेवटी? वेळेवर हरली. मग त्यांना काय पाहिजे?" आणि हसले. काकू गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. एका गेमवाल्या कंपनीनं सिरीजमध्ये पैसा घातला. अट एकच, टीव्हीवर त्यांचा गेम दिसला पाहिजे, चकचकीत गाड्यांच्या शर्यतीचा. काकांचा गेम काढून त्या जागी तो चिकटवणार. मला मुंबईहून फोन आला, काकांना मी सांगायचं ठरलं. वाईट बातमी द्यायला आम्हीच सापडतो.

ते दुकानात कुणाचा तरी मोबाइल उघडून बसले होते. ऐकून घेतलं. "अच्छा," म्हणाले. "तुम्ही म्हणाला होतात ना येणार म्हणून." काका मला जन्मात कधी "तुम्ही" म्हणाले नव्हते.

त्यानंतर शूटिंगला बोलावलं की उत्तर नाही. मग कळलं, दुकान देऊन मुलीकडे नाशिकला गेले. जाताना आमच्याकडे आले नाहीत. दोन युनिटं येऊन गेली, दोन्हीकडे गेम पुन्हा तसलाच, हात एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. सोफ्याच्या मागे माझी नजर उगीच जायची.

सिरीज लागायच्या आधी तयार भाग माझ्याकडे चुका काढायला आला. एडिटर मुंबईत फोनवर, मी घरी लॅपटॉपसमोर. "जल्दी देख लो, आज ही लॉक करना है." तो सीन आला. टीव्हीवर लाल गाडी, भयंकर आवाज. सून दारात. "घर बिक गया, मम्मी." लाल गाडी उलटली, आग, धूर. मला बघवेना. आणि मग बाईंचा चेहरा, जवळून.

मी भाग मागे घेतला. पुन्हा बघितला.

टीव्ही त्या शॉटमध्ये नव्हता, म्हणून त्यांनी तिथे काही चिकटवलं नव्हतं. पण बाईंच्या चष्म्यात टीव्ही दिसत होता. जाड भिंगात, एवढासा. त्यात लाल गाडी नव्हती. एक जांभळा ठिपका मोपेड ढकलत चालला होता.

"कुछ दिखा?" एडिटर विचारत होता. "हॅलो?"

ही चूक होती. यापेक्षा मोठी चूक त्या भागात नव्हती, आणि ती पकडायचेच मला पैसे मिळतात. मी म्हटलं, "कप का हँडल. पहले बाएँ, फिर दाएँ."

"ठीक है. और?"

"दीवार की घड़ी."

"वो चलेगा. मम्मी के क्लोज़ में कुछ? ज़रा ज़ूम करके देखूँ क्या?"

"मैंने देखा ना," मी म्हटलं, जरा जास्तच जोरात. "क्लोज़ एकदम साफ है. लॉक कर."

त्यानं लॉक केलं. सिरीज लागेपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. कुणाला दिसलं असतं तर माझं काम गेलं असतं, त्याचं एवढं नव्हतं. त्यांनी तो ठिपका पुसला असता, ते मला सोसलं नसतं.

लागली त्या सकाळी मी नाशिकला फोन लावला. मुलीनं उचलला, मग काका आले.

"मी ते बघणार नाही," ते म्हणाले.

"बघा. माझ्यासाठी बघा. गाडी उलटली की टीव्हीकडे बघू नका, बाईंच्या चष्म्यात बघा. फोन ठेवू नका, मी आहे."

पलीकडे बराच वेळ खुडबुड. मुलीचा आवाज. मग शर्यतीच्या गाड्यांची घरघर, सून बोलली, धडाम झालं. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

"काका?"

अगदी हळू आवाज आला, पण तो माझ्याशी बोलत नव्हता.

"होतं माझं काम. थांब. आलो."