विहीणबाईंनी करायला लावलेली वाटणी

त्या दिवशी करोल बागेतल्या आमच्या खोलीत पाच माणसं होती. मी, माझी मुलगी मंगल, जावई विलास, मंगलच्या वकीलबाई आणि विलासची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. त्यातल्या विहीणबाई आता नाहीत. त्यांच्याबद्दल सांगायचंय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, बोलते तसंच लिहिते.

विहीणबाईंचा एक हट्ट होता. काहीही वाटायचं असलं की वाटणाऱ्यानं शेवटी घ्यायचं. विलास लहान असताना कलिंगड त्यालाच कापायला द्यायच्या आणि पहिली फोड शेजारच्यांना उचलायला लावायच्या. तो रडायला लागला की म्हणायच्या, "रडतोस कशाला? सुरी तुझ्याच हातात होती ना?" बाई अंगानं काटकुळी, आवाज बारीक, पण पातेल्यापाशी बसली की तिच्यापुढे कुणाचं चालायचं नाही.

आम्ही दोन्ही घरं विट्याकडची, गलाईवाली. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. त्याच्यापायी दिल्लीत आलो ते इथंच म्हातारे झालो. आमच्यात बाईच्या अंगावरचं सोनं अंगावर टिकत नाही. दुकानात कमी पडलं की पाटल्या मुशीत जातात आणि हात मोकळा झाला की दुसऱ्या घडणीच्या होऊन परत येतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही. मंगलचंही सगळं तसंच गेलं. विहीणबाईंनीच मागून नेलं होतं. "दे गं, घरातच आहे," म्हणाल्या. ते परत आलंच नाही.

तेव्हापासून विहीणबाईंनी स्वतःच्या पाटल्या काढून ठेवल्या. लग्नाकार्यालासुद्धा काचेच्या बांगड्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सुनेचे हात मोकळे आणि सासूचे भरलेले, बरं दिसतं का विहीणबाई?" मी उठून चहा टाकला.

पुढे विलासनं गुडगावला दुसऱ्या बाईबरोबर घर केलं. सगळ्या गल्लीला कळलं, मग मंगलला कळलं. ती माझ्याकडे निघून आली. कोर्टात जायच्या आधी देणंघेणं ठरवायचं म्हणून ती बैठक होती. दिल्लीला लागून वैशाली म्हणून वस्ती आहे, तिथला फ्लॅट दोघांच्या नावावर. त्याच्यावर विलासनं दुकानासाठी कर्ज काढलेलं, त्याच्यावर मंगलचीही सही. ती शाळेत मदतनीस. त्या पगारात हप्ता भरायचा म्हटलं तर खायला उरलं नसतं, आणि नाही भरला तर राहायचं छप्पर बँकेनं नेलं असतं.

विलास मोठ्या मनाचा आव आणून म्हणाला, "चलो, फ्लॅट तिला देतो. आणखी काय पाहिजे? कर्ज फ्लॅटवर आहे, ते फ्लॅटबरोबर जाईल. दुकान माझं."

मंगल मान हलवायला लागली होती. थकली होती पोरगी. तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "केलेस दोन वाटे? आता पहिला तिला उचलू दे."

"आई, हे काय कलिंगड आहे?"

"कलिंगडाला एवढं भांडलो नसतो. मंगल, उचल."

मंगलनं सासूकडे बघितलं आणि म्हणाली, "मला दुकान द्या."

विलासचं तोंड उतरलं. "यार, हिला दुकानातलं काय कळतं?"

"तुला कळतं ना? मग कुठला वाटा जड आहे तेही कळतं," विहीणबाई म्हणाल्या. "पुन्हा कर."

"तू आई कुणाची आहेस?"

"तुझीच. परक्याच्या लेकाला शिकवायला माझ्याकडे कुठे वेळ आहे?"

तो पुन्हा बसला. या वेळी कर्ज दुकानाकडे गेलं, फ्लॅट एकटा राहिला, तो मंगलनं उचलला. वकीलबाई म्हणाल्या, "आपण इथं काहीही ठरवलं तरी बँक ते मानत नाही. कर्जावरून मंगलचं नाव निघेपर्यंत ती अडकलेलीच." विहीणबाई लगेच म्हणाल्या, "मग आधी बँक, मागनं सह्या." सोन्याचा विषय निघाला तेव्हा विलास म्हणाला, "वितळलं ते वितळलं. आता त्यातलं तिचं कुठलं, कोण ओळखणार?"

"ओळखू येत नाही म्हणून नव्हतंच का? मी नेलंय माझ्या हातानं." त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली. आत त्यांच्या पाटल्या. मंगलच्या हातात देऊन म्हणाल्या, "वजनात पुरायचं नाही. पण ह्या वितळवू नको."

विलास उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "तू आता हिच्याकडेच राहा. माझ्या घरात तुला जागा नाही." आणि गेला. बोलला ते त्यानं खरं केलं. बँकेचं काम व्हायला वर्ष गेलं, पण झालं. आईला मात्र घरात घेतलं नाही.

मंगल सासूला म्हणाली, "आई, चला फ्लॅटवर." मीही म्हटलं, "नाहीतर इथं राहा, दोघी आहोत." बाई ऐकेना. "मी कुणाच्या वाट्यात नव्हते. आता मला घेतलीस तर तुझा वाटा कमी होईल." मागच्या गल्लीत एक खोली घेतली, गलाईच्या कारागिरांना भाकऱ्या करून द्यायला लागल्या. चुलीपुढचा धूर आणि दिल्लीचा धूर, छाती भरत गेली. मंगल दर रविवारी यायची. भांडून बघायची, डबा ठेवून जायची.

शेवटी हिंदूराव इस्पितळात होत्या. मी संत्रं घेऊन गेले. त्यांनी ते सोललं, दोन भाग केले आणि हात पुढे केला. "उचला विहीणबाई." मी लहान भाग उचलला. हसल्या. "मुद्दाम लहान घेतलात. तुम्हाला वाटणी जमत नाही." त्यांचा भाग तसाच वाटीत राहिला. दोन दिवसांनी गेल्या. घाटावर विलास आला होता, लांब उभा राहिला. पाणी मंगलनं पाजलं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. घर मोडायची वेळ आली तर सोनं, घर, कर्ज सगळं नीट मांडा, कुणाची सही कुठे आहे ते बघा. पण उठायच्या आधी घरातल्या म्हातारीला विचारा, तू कुठे राहणार? आणि ती म्हणाली, "माझं काय, कुठंही चालेल," तर पुन्हा विचारा.