दुकान सार्वजनिक की खाजगी

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाने मला फसवलं, आणि दोष माझ्या गोडाऊनमध्ये बसणाऱ्या बाईंच्या माथी मारला. हे आधी लिहून ठेवतो, मग बाकीचं.

पनवेलमध्ये माझं पाईप आणि पंपांचं दुकान आहे. हातगाडीवर नळाचे वायसर विकण्यापासून मी सुरुवात केली, त्यामुळे घासाघीस मला कोणी शिकवू नये. पुढे काउंटरवर एक कॉम्प्युटर आहे, मागे गोडाऊनमध्ये दुसरा. मालाची सगळी नोंद मागच्यात. पुढचा त्याला विचारतो आणि बिल करतो. मागे बसणाऱ्या बाई गव्हाण गावच्या. त्यांना सोयीचं पडावं म्हणून तो कॉम्प्युटर मीच मराठीत करून घेतला होता.

नवीन इंटरनेट घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर बिलाचा प्रोग्राम उघडेना. 'सर्व्हर सापडत नाही' एवढंच. गिऱ्हाईक समोर उभं, आणि पाईपचा एल्बो शिल्लक आहे का हे बघायला दर वेळी मागे पळायचं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो गोडाऊनमध्ये थोडा वेळ बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, "शेठ, मशीन गेलंय. मराठी-बिराठी टाकलं की सिस्टीम करप्ट होणारच. वर बाई घरून पेनड्राइव्ह आणत असणार. व्हायरस आहे. नवीन घ्या."

'नवीन घ्या' हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलोय. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माझे कान टवकारतात.

धाकटा भाऊ दुकानात भागीदार आहे. तो लगेच म्हणाला, "दादा, मशीन बदलू आणि बाईपण बदलू. कोणीतरी शिकलेली बघू."

मी मागे गेलो. बाईंनी सगळं ऐकलं होतं. पिशवी उचलून त्या उभ्याच होत्या.

"शेठ, मी काय केलं नाय. पेनड्राइव्ह माझ्याकडं हायच नाय. त्यांनी सोता ते फायरवॉल बंद केलं, तवा माझ्या स्क्रीनवर काउंटरचं नाव आलं. मी बगितलं. मग परत चालू केलं, तवा गेलं. आनि भायेर येऊन तुमाला व्हायरस सांगतात."

"त्याने पाहिलं का नाव आलेलं?"

"त्यांचंच तर बोट व्हतं त्यावर."

मी भावाला सांगितलं, हे काय आहे ते कळेपर्यंत बाई कुठेही जाणार नाहीत. तो म्हणाला, "तुला कॉम्प्युटरमधलं काय कळतं रे?" त्यावर मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही.

दुपारी बाजार थंडावल्यावर बाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. फायरवॉल बंद केलं, तर काउंटर जोडला गेला. चालू केलं, तर तुटला. मला मजा वाटायला लागली. म्हणजे वायर ठीक आहे, मशीन ठीक आहे, दारावर कोणीतरी अडवतंय. पण बाईंच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट तर झकास चालत होतं. मग लक्षात आलं, की फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी, आणि आतून बाहेर जाणाऱ्याला हा हटकत नाही. बाहेरून आत येणाऱ्याला हटकतो. पहारेकऱ्याला कामावरून काढणं सोपं होतं, पण मग चोरालाही दार उघडं. मला जाणून घ्यायचं होतं, की हा आपल्याच माणसाला का ओळखत नाही.

शोधत शोधत परवानगी दिलेल्या प्रोग्रामांची यादी सापडली. आमचा बिलाचा प्रोग्राम तिच्यात होता. पुढे दोन चौकोन, खाजगी आणि सार्वजनिक. खाजगीत बरोबरची खूण, सार्वजनिक रिकामा. म्हणजे ओळखत होता की. फक्त एकाच ठिकाणी ओळखत होता.

"बाई, हे सार्वजनिक-खाजगी आपल्याला कोणी विचारलं होतं का?"

"इंटरनेटवाला आला तवा. मशीननं विचारलं, नेटवर्क खाजगी का सार्वजनिक. तो बोलला, दुकान हाय, कोनपन येतं, सार्वजनिकच की. आनि दाबलं."

मला हसू आलं. त्याच्या जागी मीही तेच दाबलं असतं. सार्वजनिक म्हणजे आपल्याकडे गणपती, नळ, वाचनालय. या, बसा, कोणाला मज्जाव नाही. कॉम्प्युटरचं नेमकं उलटं. त्याला सार्वजनिक म्हणजे एसटी स्टँड. शेजारी कोण बसलाय ठाऊक नाही, पिशवी छातीशी धरा, कोणाशी बोलू नका. खाजगी म्हणजे घर, तिथली माणसं आपली. आम्ही त्याला मोठ्या मनाने सांगितलं, सगळ्यांसाठी दार उघडं आहे, आणि त्याने कडी लावून घेतली.

नेटवर्क खाजगी केलं. फायरवॉल चालूच ठेवलं. पुढून भाऊ ओरडला, "आलं, आलं." बाईंनी पिशवी खाली ठेवली.

इथे संपायला हवं होतं. पण दुरुस्तीवाला तोवर आमच्या गल्लीतल्या दुकानांतून सांगत फिरला होता, की अमक्यांच्या बाईंनी मशीन खाल्लं. आता बाई चहाला गेल्या की कोणीतरी विचारतं, "काय बाई, आज कोणाला व्हायरस?" त्या हसतात. काल मला म्हणाल्या, "शेठ, दुसरं कोन बगा. मला नाय जमायचं हितं." त्यांनी जावं असं मला वाटत नाही, आणि थांबा असं नुसतं मी म्हणून चालणारही नाही. त्यांचं नाव मी घालवलेलं नाही, ज्याने घालवलं त्यानेच ते परत द्यायला हवं.

तो माणूस रोज आमच्या दुकानावरून जातो. त्याने एकदा आत यावं. गल्लीतल्या चार दुकानदारांना मी बोलावतो, चहा माझा. त्याने बाईंच्या टेबलासमोर उभं राहावं आणि सांगावं, फायरवॉल बंद केल्यावर काउंटरचं नाव आलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तर मग बाईंचं नाव का घेतलं?