जावई पुरे म्हणू राह्यले व्हते

बायांनो, धोंड्याचा महिना म्हणून आज लेक-जावयाला जेवायला बोलावलं व्हतं. पुरणाचे धोंडे, वरून तूप.

जावई म्हणले, "मामी, पुरे आता."

मी म्हणलं, "जावईबापू, एवढं पोट काय निस्तं मिरवायला आणलं का?" समदे हसले. मी अजून दोन धोंडे वाढले.

जावई हात धुवायला उठले अन् तिथंच कोसळले. जीपमधी घालून मंठ्याला दवाखान्यात नेलं. शुगर, बीपी दोन्ही लई वाढलेले.

डॉक्टर म्हणले, "मावशी, पोटातली चरबी गप पडून नसते. ती रक्तात हार्मोन सोडते. त्यातला एक मेंदूला सांगतो, पोट भरलं, आता पुरे. पण चरबी फार वाढली की मेंदू त्याचं ऐकतच नाही. मग शुगर, बीपी, हृदय, सगळंच बिघडत जातं."

मेंदूला काय नावं ठेवू? सासूनं तरी कुठं ऐकलं?

आमचे मालक बी असंच पोट घेऊन गेले. गाव म्हणायचं, खात्यापित्या घरचा माणूस.

जावई अजून सलाईनवर हायेत. लेक निस्ती माझ्या मोकळ्या कपाळाकडं पाहू राह्यली.

तुमच्या घरचे धोंडे व्हायचे असतील तर सांगा, जावई पुरे म्हणले तर ऐकताल का?