एकटीचा पगार

“मला एकटीला काय लागतं!”

हे तिचं ठरलेलं वाक्य. चहाचा दुसरा कप पुढे केला तरी हेच, नवी चप्पल घ्या म्हटलं तरी हेच. म्हणताना मान किंचित तिरकी करून हसायची, जणू एकटं असणं ही बाकीच्यांना न परवडणारी चैनच आहे.

कपडे धुऊन, इस्त्री करून, सांधून देणाऱ्या एका दुकानात ती रफूचं काम करायची. सगळे तिला रफूताईच म्हणत. मी तिथे इस्त्रीच्या टेबलावर अकरा वर्षं काढली, तिच्यापासून दोन हातांवर. कोटाला भोक पडलं तर ती बाहेरचा धागा लावत नसे. त्याच कोटाची आतली शिवण हळूच उसवायची, दुमडलेल्या पट्टीतून चार धागे ओढायची आणि भोकावर उभे-आडवे विणायची. झालं की कोट माझ्यापुढे टाकायची.

“शोध बघू.”

मी बोट फिरवत राहायचो. सापडायचं नाही.

“डोळे आहेत की बटणं?”

आईचं आजारपण काढण्यात आणि धाकट्या भावाला मार्गी लावण्यात तिची चाळिशी आली. आई गेली, भाऊ नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला. तेव्हा तिने एक खोली भाड्याने घेतली. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या अगदी टोकाला. एक खिडकी, एक खाट, भिंतीत दोन फळ्या. एवढ्याचं तिला केवढं कौतुक!

“घरी गेले की आधी कडी लावते,” ती मला सांगायची, “आणि मग नुसती बसते. कुणी हाक मारत नाही. तुला नाही कळायचं ते. तुझ्या घरात सहा माणसं.”

मालक दर वर्षी पगार वाढवायचे, पण सगळ्यांचा एकदम नाही. एकेकाची पाळी असायची. रफूताईची पाळी आली की ती म्हणायची, धुलाईवाल्याला द्या, त्याला तीन मुलं आहेत. एकदा मलाही दिली, माझी मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी. मी घेतली.

लोकांना वाटतं, एकट्याचा खर्च म्हणजे चौघांच्या खर्चाचा चौथा हिस्सा. तसं नसतं. खोलीचं भाडं चौघांना जेवढं, तेवढंच एकीला. एकटीच आहे म्हणून दिवा पाव उजेडावर जळत नाही. तापात चौघांपैकी कुणीतरी औषध आणतं. एकटीला ते आणायला माणूस धाडावा लागतो, नाहीतर ताप अंगावर काढावा लागतो. भाजीवाली अर्धा कोबी देत नाही. अख्खा घ्यायचा आणि चार दिवस तोच खायचा. रफूताई तोच खायची आणि वर सांगायची, “कोबी म्हणजे माझा पाहुणा. आला की आठवडाभर हलत नाही.”

एका वर्षी घरमालकिणीने भाडं वाढवलं. बाई वाईट नव्हती, दोन महिने आधी सांगितलं तिने. पण आधीच निम्मा पगार त्या खोलीत जात होता. रफूताईने दुपारचा चहा सोडला. मग एका दुपारी सुई थांबवून हळूच म्हणाली, “पगार वाढवून मागायचा तर काय म्हणतात रे?”

मी स्टुलावर पोट पुढे काढून बसलो. “मी मालक. बोला, रफूताई.”

“मालक, भाडं वाढलंय. मला पगार वाढवून हवा.”

“हवा नाही, पाहिजे म्हणा.”

“फरक काय?”

“हवा उडून जाते.”

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तीन दुपारी आम्ही ही तालीम केली. चौथ्या दिवशी ती केस नीट बसवून मालकांच्या खोलीत गेली. दार अर्धं उघडं होतं. मी इस्त्री उभी करून कान दिला.

“या, या रफूताई!” मालक खुशीत होते. “कसं काय? काही कमी तर नाही ना तुम्हाला?”

तालीम तीन दुपारची होती, सवय वीस वर्षांची.

“छे हो,” तिच्या तोंडून गेलं, “मला एकटीला काय लागतं!”

मालक मनापासून हसले. “हेच सांगतो मी सगळ्यांना. रफूताईंकडून शिका म्हणावं! बरं, काही काम होतं?”

मग ती म्हणाली, “काळा कोट उद्या होईल. तेवढंच सांगायला आले.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “ताई, परत जा.”

“आता कुठल्या तोंडाने जाऊ?”

म्हणून संध्याकाळी मीच गेलो. मालकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, तिच्या उपकाराची थोडी तरी फेड होईल. मालकांना खरंच वाईट वाटलं. ते तडक उठून बाहेर आले. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती. धुलाईवाला होता, डबा घेऊन आलेली त्याची बायको होती. त्या सगळ्यांसमोर मालकांनी विचारलं, “रफूताई, हा म्हणतो तुम्हाला पगार पुरत नाही. खरं का?”

एका गिऱ्हाइकाने वळून तिच्याकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग पायांकडे.

रफूताईने सुई कापडात खोचली.

“पुरतो की,” ती म्हणाली. “इस्त्रीची वाफ डोक्यात गेलीय याच्या.”

सगळे हसले. मालक सुटल्यासारखे हसले. मीही हसलो. काय करणार होतो?

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मान वर न करता म्हणाली, “चारचौघांत उघडं पाडलंस रे.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मुदत संपली तशी तिने खोली सोडली. भावजयीचा निरोप आला होता, या वन्सं, बाहेरच्या खोलीत खाट टाकू. त्या बाहेरच्या खोलीतून घरातल्या सगळ्यांची ये-जा होती. गाव लांबचं, म्हणून नोकरीही सुटली.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत तिने हातातलं काम पुरं केलं. दोन पिशव्या उचलल्या. मी एक घ्यायला गेलो.

“राहू दे. तिकडे शर्ट जळेल.”

ती पायऱ्या उतरली. दुकानासमोरचा रस्ता सरळ आणि लांब होता, त्यामुळे ती बराच वेळ दिसत राहिली. मध्ये एकदा थांबून तिने जड पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दारात मालक उभे होते, त्यांच्यामागे धुलाईवाला, त्याच्यामागे मी.

“बरं झालं,” मालक म्हणाले, “आता सोबत होईल त्यांना.”

ती वळणापर्यंत गेली, एक गाडी जाऊ दिली आणि पलीकडे झाली.