ओरखडा

नव्या मोटारसायकलींना लोखंडी क्रॅशगार्ड बसवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे गार्डकाका म्हणत. काकांना एक खोड होती. नट आवळून झाले, की ते कोरी करकरीत गाडी मुद्दाम आडवी पाडायचे. गिऱ्हाईक ओरडत पुढे धावायचं. "बघा, टाकीला ओरखडा तरी आलाय का?" म्हणत काका मिशीत हसायचे.

लेकाच्या गाडीलाही त्यांनीच गार्ड बसवला होता. अपघातानंतर गाडी परत आली, लेक आला नाही.

परवा एका गिऱ्हाइकाने दुकानाच्या कोपऱ्यातली ती गाडी पाहिली. "काका, अगदी अस्साच गार्ड बसवा. गाडी कशी नवीकोरी राहिलीय!"

काकांनी गार्ड बसवला, नट आवळले. गाडी मात्र उभीच ठेवली.

"पाडून दाखवा ना," गिऱ्हाईक म्हणालं.

"गाडीला काही होत नाही," काका खेकसले. "गाडीला कधीच काही होत नाही."