शर्यतीचे बैल आणि माझी नाडी

दंडाला पट्टा आवळून डॉक्टर फुगा दाबायला लागले की मी डोळे मिटते आणि मनातल्या मनात "हो, हो, हो" म्हणते. ओठ हलत असावेत, कारण परवा त्यांनी विचारलं, "आजी, कुठलं स्तोत्र म्हणता?" मी आपलं रामाचं म्हणून सांगून टाकलं. पळत्या बैलाला थांबवताना म्हणतात ते म्हणते, असं ऐंशी ओलांडलेल्या बाईनं दवाखान्यात सांगितलं असतं, तर त्यांनी गोळ्या बदलल्या असत्या.

हे मला माझ्या थोरल्या चुलत्यांनी शिकवलं. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो.

मोशीत आमचं एकत्र घर होतं. मी सातवीची फायनल पास होऊन वर्ष झालं होतं. पन्नास साल मागं पडून पाच-सहा वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले होते. त्यातल्या एका लहानशा औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायला मुली हव्या आहेत असं कळलं आणि मी अर्ज ठोकून दिला. नेमकं त्याच महिन्यात आप्पांनी माझ्यासाठी निघोज्याचं स्थळ आणलं. मुलगा चांगला आहे असं सगळे म्हणत. आप्पा मात्र मुलाबद्दल फारसं बोलत नसत, ते बोलत त्याच्या घरच्या बैलांबद्दल.

आमच्या भागात शर्यतीच्या गाड्याला चार बैल लागतात. आप्पांकडे दोन होते, निघोज्याच्या मंडळींकडे दोन. चौघं एका गाड्याला आले तर चाकणपर्यंत आपल्यापुढं कोणी टिकत नाही, असं आप्पांचं गणित होतं. या गणितात मी कुठं बसते, असं मी एकदा विचारलंही.

"तू मधी," आप्पा म्हणाले, आणि त्यात चेष्टा मुळीच नव्हती.

मला लग्नाचा राग नव्हता. बैलांपायी होणाऱ्या लग्नाचा होता, आणि तसा माझ्या नाकावर कायमच एखादा राग बसलेला असायचा. शेवटी वडिलांनी निकाल दिला, "नोकरी लागली तर लगीन वरीसभर थांबंल. न्हाई लागली तर ह्याच उन्हाळ्यात उरकू." निघोज्याचे लोक वर्षभर थांबणारे नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे नोकरी लागली की आप्पांचे चार बैल गेले.

कारखान्यातून तपासणीचं बोलावणं आलं तेव्हा वडील मला पायी घेऊन निघाले. गावातली पहिलीच मुलगी कारखान्यात निघालेली, त्यामुळं वेशीपर्यंत पोचायच्या आत तीन घरांनी हाका मारून चहा पाजला. पुढं भोसरीत वडिलांची आत्या राहायची, तिनं पाजला. आत्याकडं घेतला म्हटल्यावर तिच्या जावेकडं घ्यावाच लागला, आणि तिथं बसलेल्या एका पाहुण्यानं आपल्या घरी नेऊन पाजला. चहाला नाही म्हणायची सोय नव्हती. तो नकार पुढच्या दोन लग्नांपर्यंत लक्षात ठेवला जायचा. सगळा गुळाचा चहा, काळाभोर, आणि तो सुद्धा पितळीभर.

कारखान्याच्या डॉक्टरीणबाई पुण्याच्या होत्या. पांढरं पातळ, गोल चष्मा, हातात पाऱ्याच्या नळीची पेटी. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, पारा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. मग मनगट धरून घड्याळाकडं बघत बसल्या.

"एवढ्या लहान वयात एवढं ब्लडप्रेशर?" त्या म्हणाल्या. "आणि नाडी तर पळतेच आहे. सकाळपासून काय खाल्लंस?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. चहा कोणी खाण्यात धरत नसे.

"आठ दिवसांनी ये. एकदाच बघेन, पुन्हा नाही. तोवर मीठ कमी, चहा बंद, आणि मुख्य म्हणजे मन शांत ठेव."

वडिलांनी घरी येऊन हे तिन्ही हुकूम ओसरीवर वाचून दाखवावेत तसे सांगितले. पहिले दोन सोपे होते. आईनं लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली आणि ती मला अळणी भाजी वाढायला लागली. तिसऱ्या हुकमानं मात्र घराची घडीच विस्कटली. मला राग येऊ द्यायचा नाही म्हणजे मला कोणी काही बोलायचं नाही. माझ्या काकीचं दिवसातून चारदा माझ्यावर ओरडल्याशिवाय भागत नसे. ती बिचारी तोंडाशी आलेलं सगळं गिळून परसात जायची आणि कोंबड्यांवर ओरडायची. "बसलीया नुसती दाणं टिपत, झाडलोट कोण करनार?" असं तिनं कोंबडीला विचारलेलं मी माझ्या कानानं ऐकलं आहे. खरं सांगते, आयुष्यात एवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही. मी बसल्या जागी पाणी मागायची आणि कोणी कुरकुरलंच तर छातीवर हात ठेवायची.

 आप्पा मात्र गोठ्यातून माझ्याकडं बघायचे आणि पुन्हा बैलांना खरारा करायला लागायचे. त्यांचं ते बघणं मला खुपायचं. आप्पा मी नापास व्हायची वाट बघतायत, अशी माझी खात्री होती, आणि त्या विचारानं छातीत धडधडायचं ते खरं धडधडायचं.

आठव्या दिवशी वडिलांची विहिरीवर पाण्याची पाळी आली. पाळी सोडली तर भाजीचे वाफे वाळले असते. आप्पा म्हणाले, "मी नेतो छकड्यातून. पायी न्हाई आन् च्या न्हाई." शेतीचे बैल मोटेला जुंपलेले. उरले कोण, तर शर्यतीचे दोघं. माझा चेहरा बघून आप्पांनी गळ्याची शपथ घेतली, "पावलापावलानं नेतो."

भोसरीपर्यंत त्यांनी शब्द पाळला. आत्या दारात उभी राहून हाका मारत होती, तिला आप्पांनी लांबूनच हात जोडले. मग पिंपरीच्या कच्च्या रस्त्याला लागलो आणि मागून घुंगरांचा आवाज आला. एक हलका छकडा आमच्या उजवीकडून पुढं गेला आणि त्याचा गाडीवान जाता जाता आप्पांकडं बघून हसला.

आप्पांनी कासरा ओढला की सोडला, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. एवढं आठवतं की बैलांनी शेपट्या वर केल्या, माझा भाकरीचा डबा उडून शेतात गेला आणि मी दोन्ही हातांनी छकड्याची लाकडी साटी धरून कोणकोणते देव आठवले त्याचा हिशेब नाही. तो दुसरा छकडा कधी मागं पडला ते कळलं नाही. कारखान्याच्या फाटकाशी बैल थांबले तेव्हा त्यांच्या तोंडाला फेस होता आणि माझ्या कानात माझंच काळीज वाजत होतं.

"तुम्ही मुद्दाम केलंत," मी म्हटलं. "निघोज्याच्या बैलांसाठी केलंत."

 आप्पांनी जू उतरवलं, बैलांच्या बरगड्यांवर तळहात ठेवून पाहिला आणि मग माझ्याकडं पाहिलं. मी रडायच्या बेतात होते. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तर त्यांनी तो काढून घेतला.

"आत्ता न्हाई. धाप खाली बसू दे. चल माझ्यासंगं."

शर्यत संपल्यावर बैल लगेच बांधत नाहीत आणि लगेच पाणीही दाखवत नाहीत. त्यांना सावकाश फिरवतात. आप्पा शर्यतीच्या घाटाखाली तासतासभर बैल फिरवायचे ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. आता फाटकासमोरच्या लिंबाभोवती ते आम्हा तिघांना फिरवायला लागले. डाव्या हाताला दोन बैल, उजव्या हाताला मी. माझं मनगट त्यांनी कासऱ्यासारखं सैल धरलं होतं. चालता चालता खालच्या आवाजात ते म्हणत होते, "हो, हो, हो. झालं आता. पळनं झालं. हो, हो." कोणाला म्हणत होते कोण जाणे. बैल मान खाली घालून चालत होते आणि तिसऱ्या फेरीला मीही तशीच चालायला लागले.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं माझ्या नावानं हाक मारली. आप्पा थांबले नाहीत.

"जरा थांबा राव," त्यांनी चालता चालताच सांगितलं. "अजून गरम हाय."

तो माणूस बैलांकडं बघायला लागला. आणखी चार फेऱ्या झाल्या. मग आप्पांनी माझ्या मनगटावर अंगठा टेकवला, मान हलवली आणि तांब्या हातात दिला. "दोन घोट. आन् आत गेल्यावर तोंड उघडू नगं, नाकानं श्वास घे."

डॉक्टरीणबाईंनी पारा एकदाच चढवला. मनगट धरलं, घड्याळ पाहिलं आणि कागदावर सही केली. "बघ, मन शांत ठेवलं की कसं होतं," त्या म्हणाल्या. मी नाकानं श्वास घेत होते, त्यामुळं काही बोलले नाही.

बाहेर आले तर आप्पांनी छकडा जुंपून तयार ठेवला होता. मी कागद दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण सही कुठं असते ते माहीत होतं.

"झालं म्हन की."

"झालं, आप्पा."

"मंग निघोज्याला सांगावा धाडाया पायजे," ते म्हणाले आणि चढून बसले.

परतीच्या वाटेवर छकडा इतका हळू चालला होता की एक बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन आमच्या पुढं निघून गेली. माझं अंग हलकं झालं होतं. आता मला पळवण्याची हौस आली होती.

"सोडा की जरा आप्पा. आता काय भ्यायचं?"

"नगं," ते म्हणाले. "तुझी बसली, माजी बसली न्हाई अजून."

त्यांनी कासरा माझ्याकडं दिला आणि आपलं मनगट पुढं केलं. मी अंगठा टेकवला. मुठीत धरलेली चिमणी उडायला बघते तशी त्यांची नाडी उडत होती. मला डॉक्टरीणबाईंकडून येऊन बराच वेळ झाला होता आणि बैल तर केव्हाच गार झाले होते.

फाटकाशी मी त्यांना काय बोलले होते ते आठवून मला फार लाज वाटली. माफी मागायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी एका हातात कासरा धरला, दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं आणि मोशी येईपर्यंत "हो, हो, हो" म्हणत राहिले.